अडगळीतल्या संगणकाची बखर

राजघराण्यांच्या बखरी झाल्या, पानिपताच्या तर अनेक झाल्या. पण माळ्यावरच्या अडगळीची बखर लिहिण्याचे कोणी मनावर घेतले नाही. वास्तविक मध्यमवर्गीय घराचा माळा म्हणजे एक लहानसे वस्तुसंग्रहालयच. दाराशी तिकीट नाही, एवढाच फरक. वातीचा स्टोव्ह, तांब्याचा बंब, बटणे निखळलेला रेडिओ, आणि गेल्या दहा-पंधरा वर्षांतली भर म्हणजे निवृत्त झालेला डेस्कटॉप संगणक. बंब निदान दिवाळीत एकदा खाली उतरतो, चिंचेने लखलखीत होतो आणि अभ्यंगस्नानाचे पाणी तापवून देतो. संगणकाच्या नशिबी तेवढाही मान नाही.

अलीकडे मात्र काही घरांत या निवृत्ताला पुन्हा कामावर घेऊ लागले आहेत. दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यात जुना डेस्कटॉप मांडावयाचा, त्यात एक मोठी हार्ड डिस्क बसवावयाची, आणि घरातली गाणी, चित्रपट, लग्नामुंजींच्या फिती, छायाचित्रे हे सारे तिच्यात भरून ठेवावयाचे. मग माजघरातल्या टीव्हीवर आजीने कीर्तन लावावे, त्याच वेळी गच्चीवर नातवाने फोनवर चित्रपट पाहावा. दोघांनाही माल पुरवणारा कोठावळा एकच. सबंध चित्रपट आधी उतरवून घेण्याची गरज नाही. पन्हळीतून धार यावी तसा तो येत राहतो आणि येता येताच दिसत राहतो. यालाच आजच्या भाषेत स्ट्रीमिंग म्हणतात.

ही युक्ती आजच्या पोरांची, असा आपला समज असतो. पण मला तिच्या कुळाचा शोध घेण्याचा नाद लागला, आणि पाहतो तो काय, कूळ चांगले एकोणिसाव्या शतकातले निघाले! दुसरी एक मौज हाती लागली ती अशी, की या घराण्यातले बहुतेक पूर्वज मुळात दुसऱ्याच कामासाठी जन्माला आलेले होते. आमच्या बखरकारांना सैन्याचे आकडे फुगवण्याची खोड होती. तेवढी सोडून ही हकीकत सांगतो.

या कुळाचा मूळपुरुष पॅरिसात सापडतो. साल १८८१. टेलिफोन जन्मून पाचच वर्षे झाली होती, आणि दोन माणसांनी दुरून एकमेकांशी बोलावे यापलीकडे त्याचा काही उपयोग असेल असे फारसे कोणाच्या मनात आले नव्हते. त्या वर्षी पॅरिसात विजेच्या यंत्रांचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. क्लेमाँ आदेर नावाच्या इंजिनियराने तेथल्या ऑपेरागृहाच्या रंगमंचाच्या कडेला ध्वनिग्राहक लावले आणि त्यांच्या तारा दोन किलोमीटरांहून दूर असलेल्या प्रदर्शनाच्या इमारतीत आणून सोडल्या. ऐकणाऱ्याने दोन कानांना दोन कर्णे लावावयाचे. डाव्या कानाला रंगमंचाच्या डाव्या बाजूचा आवाज, उजव्याला उजव्या बाजूचा. गायिका चालत पुढे आली की तिचा आवाज एका कानातून दुसऱ्या कानाकडे सरकावयाचा! लोकांनी रांगा लावल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरात व्हिक्टर ह्यूगोसारख्या वयोवृद्ध साहित्यिकानेही हा चमत्कार कानाला लावून पाहिला.

१८९० पासून तेथे ‘थिएटरफोन’ची रीतसर कंपनीच निघाली. हॉटेलांतून पेट्या बसल्या. नाणे टाकावे आणि पाच मिनिटे ऑपेरा ऐकावा. श्रीमंतांनी वर्गणी भरून घरी तार घेतली. कादंबरीकार मार्सेल प्रूस्त दम्याने बेजार. त्यानेही १९११ साली वर्गणी भरली आणि अंथरुणात पडल्या पडल्या ऑपेरा ऐकले. मला तर हा मनुष्य आजच्या आपल्या टीव्हीपुढच्या मंडळींचा थेट आजोबा वाटतो.

पॅरिसची कल्पना पुढे बुडापेस्टने उचलली. तिवादार पुश्काश या गृहस्थाने तेथे १८९३ च्या फेब्रुवारीत तारेवरचे वर्तमानपत्रच सुरू केले. सकाळी बातम्या, दिवसा बाजारभाव, सायंकाळी संगीत, सगळे ठरल्या वेळापत्रकाने घरोघर पोचू लागले. पुश्काश बिचारा महिन्याभरातच वारला, पण त्याचे हे अपत्य पुढे पन्नास वर्षे टिकून १९४४ मध्ये महायुद्धाच्या धामधुमीत संपले. पॅरिसची कंपनी त्याआधीच, १९३२ साली, रेडिओपुढे हात टेकून बंद झाली होती.

या मंडळींचे कौतुक करताना मला एक गोष्ट मात्र खटकत राहते. इतक्या वर्षांत त्या तारांतून जे गायन वाहिले, त्यातले हाती काय राहिले? वर्गणी भरली तोवर ऐकले. वर्गणी संपली की कर्णा मुका. भाड्याच्या घरात कितीही वर्षे राहिले तरी खिळा मारताना मालकाला विचारावे लागते, तशातलीच ही गोष्ट. आणि ही जुनी आहे म्हणून सोडून देण्यासारखीही नाही. २००९ च्या जुलैत अमेरिकेत अॅमेझॉनने लोकांनी पैसे मोजून घेतलेली ऑर्वेलची ‘१९८४’ आणि ‘अॅनिमल फार्म’ ही पुस्तके त्यांच्या किंडल यंत्रांतून दूर बसूनच परत काढून घेतली. पैसे परत केले, मागाहून दिलगिरीही व्यक्त केली. विकणाऱ्याला त्या आवृत्तीचे हक्क नव्हते, हे कारणही खरे होते. तरी विकत घेतलेले पुस्तक रात्रीतून कपाटातून नाहीसे होऊ शकते, हे त्या दिवशी पुष्कळांना प्रथमच कळले. त्यातही नेमके ‘१९८४’! असा योग एखाद्या कादंबरीकाराने जुळवला असता तर आपण त्याला ओढाताणीचा म्हटले असते.

आता आपल्या मुंबईकडे वळू. येथे २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले आणि रेडिओ आला. चाळीतल्या एका बिऱ्हाडाने संच घ्यावा आणि साऱ्या मजल्याने कान लावावेत, ही रीत आमच्या वडीलमंडळींच्या तोंडून आपण ऐकलेली आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरदर्शन आले तेव्हा तीच रीत डोळ्यांपर्यंत पोचली. परंतु माझ्या बखरीच्या दृष्टीने खरा पराक्रम घडला तो १९८४ च्या सुमारास, मुंबईच्या उंच इमारतींत. व्हीसीआर हे यंत्र एका कुटुंबाने एका संचावर कॅसेट पाहावी यासाठी केलेले. कोणा खटपट्या माणसाच्या मनात आले की यंत्र एकच ठेवावे आणि त्याची केबल जिन्यावरून, खिडक्यांवरून, गॅलऱ्यांतून प्रत्येक बिऱ्हाडात न्यावी. महिन्याला वर्गणी, रात्री एक चित्रपट. पुढे १९९१ च्या आखाती युद्धात याच तारांना तबकड्यांच्या छत्र्या जोडल्या गेल्या आणि केबलचा धंदा गावोगाव फोफावला. चित्रपटवाल्यांच्या हक्कांची त्यात सर्रास पायमल्ली होत असे, हे लपवण्यात अर्थ नाही. १९९५ साली केबलचा कायदा झाला तेव्हा कोठे त्या जंगलात पायवाटा पडल्या. पण यंत्रविद्येच्या नजरेने पाहिले तर कोपऱ्यातले एक यंत्र आणि अनेक खोल्यांतले पडदे हा आजच्या घरगुती स्ट्रीमिंगचा नकाशा त्या जिन्यांवरच्या काळ्या केबलने आधीच काढून ठेवला होता.

येथवरच्या साऱ्या तारांतून आवाज आणि चित्र लाटेच्या रूपाने जात होते. संगणकाला मात्र लाट कळत नाही. त्याला आकडे लागतात. आणि आकड्यांनी चित्र लिहू गेले तर काय अनर्थ होतो पाहा. जुन्या टीव्हीच्या दर्जाचे चलच्चित्र काहीही न गाळता आकड्यांत मांडले तर एका सेकंदाला सोळा कोटींहून अधिक शून्ये आणि एक लिहावे लागतात. १५ ऑगस्ट १९९५ रोजी आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले, त्या काळी फोनच्या तारेतून सेकंदाला जेमतेम काही हजार आकडे जात. नदी बोळकुल्यातून ओतण्याचा तो प्रकार. या कोड्याची किल्ली ज्याने घडवली तो मनुष्य बंगळूरचा, ही गोष्ट आपल्याकडे फारच थोड्यांना ठाऊक आहे.

नासीर अहमद हे त्यांचे नाव. जन्म १९४०, बंगळूर. पदवीपर्यंतचे शिक्षण तेथे झाले आणि पुढे ते अमेरिकेत प्राध्यापक झाले. कॅन्सस राज्याच्या विद्यापीठात असताना, १९७२ साली, चित्रांचे आकडे आटवण्याची एक रीत अभ्यासण्यासाठी त्यांनी तेथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदान मागितले. ते नामंजूर झाले. एका परीक्षकाचा आक्षेप असा की ही कल्पना फारच साधी आहे! अहमदांनी नाद सोडला नाही. १९७३ चा सारा उन्हाळा त्यांनी या कामी घातला, आणि जानेवारी १९७४ मध्ये टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला.

ती साधी कल्पना काय, हे समजायला ठिपक्यांची रांगोळी डोळ्यांपुढे आणावी. चित्राचे बारीक चौकोन पाडा. प्रत्येक चौकोनात आठ ओळी आणि ओळीत आठ ठिपके, मिळून चौसष्ट. प्रत्येक ठिपका किती उजळ, हे चौसष्ट वेळा लिहिण्याऐवजी असे लिहा की या चौकोनात संथ चढउतार किती, त्याहून दाट लहरी किती, आणि अगदी बारीक थरथर किती. आकडे अजून चौसष्टच झाले. पण बहुतेक चौकोनांत पहिले काही आकडेच वजनदार निघतात. बारीक थरथरीचे आकडे जवळजवळ शून्य, आणि ते गाळले तरी डोळ्याला उणीव भासत नाही. आकाशाचा निळा तुकडा चौसष्टांऐवजी दोन-तीन आकड्यांत भागतो. एवढेच. पुढे छायाचित्रांची जेपीईजी रीत, १९९३ चे चलच्चित्रांचे एमपीईजी-१ प्रमाण, २००३ चे एच.२६४, ही सारी याच पायावर उभी राहिली. जर्मनीत घडलेल्या आणि १९९५ मध्ये एमपी३ हे नाव पावलेल्या ध्वनीच्या रीतीतही हिचीच सख्खी बहीण आहे. दोन तासांचा चित्रपट आज साडेतीन-चार गिगाबाइटांत उत्तम मावतो, त्याच्या मागे तो नामंजूर झालेला अर्ज आहे. आमच्याकडे नासीर अहमदांच्या नावाचा एखादा रस्ता असावा, असे मला फार वाटते.

चित्र आटले; आता ते एका संगणकातून अनेकांकडे धाडणारा हवा होता. त्यासाठी बखर पुन्हा पॅरिसच्या परिसरात जाते. शहराच्या दक्षिणेस शातने-मालाब्री येथे एकोल सांत्राल या नामांकित अभियांत्रिकी विद्यालयाचे आवार होते. तेथल्या वसतिगृहांचे संगणकांचे जाळे विद्यार्थीच चालवीत, आणि ते फार मंद होते. पोरांना वेगवान जाळे हवे होते. खरी निकड संगणकावरच्या खेळांची! पण ‘खेळायला पैसे द्या’ म्हणून कोण देणार? तेव्हा १९९६ च्या सुमारास तोड निघाली ती अशी: प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळी छत्री आणि वेगळी पेटी देण्याऐवजी आवारात एकच मोठी छत्री लावावी आणि उपग्रहावरचे कार्यक्रम जाळ्यातून प्रत्येकाच्या संगणकावर पोचवावेत. मुंबईच्या जिन्यावरचीच युक्ती! या प्रकल्पाचे नाव व्हिडिओलॅन. १ फेब्रुवारी २००१ रोजी विद्यालयाच्या संमतीने त्याची आज्ञावली जगाला खुली झाली, कोणीही वापरावी, कोणीही सुधारावी अशा अटीवर. त्यातला पाहणाऱ्याच्या बाजूचा भाग म्हणजे नारिंगी शंकूचे चिन्ह असलेला व्हीएलसी, जो आपल्या घरातल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. रस्त्यावरचे वाहतुकीचे शंकू गोळा करून आणण्याची त्या विद्यार्थ्यांना खोड होती, त्याची ही खूण.

यापुढची वंशावळ झरझर सांगतो. २००१ साली मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स हे खेळण्याचे यंत्र काढले. ते आतून साधाच संगणक होते. पुढच्याच वर्षी हौशी मंडळींनी त्यात शिरून त्याचे चित्रपट दाखवणारे यंत्र केले. ती आज्ञावली इतकी वाढली की मूळ यंत्र मागे पडले, आणि २०१४ मध्ये तिने ‘कोडी’ हे नाव घेतले. २००२ मध्येच आयझॅक रिचर्ड्स याने आपल्या केबलच्या पेटीला कंटाळून ‘मिथटीव्ही’ लिहायला घेतले. एम्बी नावाची कोठावळ्याची आज्ञावली आधी खुली होती. २०१८ मध्ये तिच्या कर्त्यांनी ती बंदिस्त केली, तेव्हा काही जणांनी शेवटची खुली प्रत उचलून त्याच डिसेंबरात ‘जेलिफिन’ हे वेगळे बिऱ्हाड थाटले. वेगळी चूल मांडली तरी मूळ कढई सर्वांची, असा या खुल्या आज्ञावलींचा शिरस्ता असतो. त्यामुळे अशा वाटण्यांत कोर्टकचेऱ्या क्वचितच होतात. आपल्या भाऊबंदकीने शिकण्यासारखे आहे.

माझ्या घरचा डेस्कटॉप २०१२ चा, कन्येच्या शिक्षणासाठी घेतलेला. चिप इंटेलची, स्मृती आठ गिगाबाइट. त्याचे प्रकृतिमान ठणठणीत आहे, पण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य संपले, आणि पुढचे विंडोज ११ इतक्या जुन्या यंत्राला रीतसर घरात घेत नाही. म्हणजे यंत्र बिघडले नाही. त्याच्याशी बोलणे बंद झाले. भंगारवाल्याने त्याची किंमत वजनावर केली. जगात २०२२ या एका वर्षात ६ कोटी २० लाख टन विजेच्या यंत्रांचा कचरा झाला, असे संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात नमूद आहे. त्यात या डब्याची भर घालण्याऐवजी पुतण्याने त्यात लिनक्स बसवले. हेलसिंकीच्या लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली हौस म्हणून सुरू केलेली ही प्रणाली जुन्या यंत्रांशी फार मायेने वागते. त्यावर जेलिफिन चढवले, चार टेराबाइटची डिस्क जोडली, आणि दुपारच्या चहापर्यंत काम झाले.

“काका, हे दिवसरात्र चालू ठेवायचे का?” पुतण्याने विचारले. प्रश्न हिशेबाचा होता, म्हणून हिशेबच केला. असे यंत्र स्वस्थ बसले असता सुमारे चाळीस वॉट खाते. अहोरात्र ठेवले तर दिवसाला जवळजवळ एक युनिट, महिन्याला एकोणतीस. सायंकाळचे पाच तासच ठेवले तर महिन्याला सहा. आम्ही सहावर समाधान मानले. जुन्या यंत्राचे गुणगान करणारी मंडळी विजेचा हा आकडा सांगत नाहीत. चोवीस तास राबवायचे असेल तर त्यापेक्षा एखादी हातभर लहान, कमी वीज खाणारी पेटी घेणे शहाणपणाचे, हे मी उघड सांगतो. नव्या रीतीने आटवलेले चित्रपटही या म्हाताऱ्याला झेपत नाहीत. दुसऱ्या संचासाठी ते पुन्हा एच.२६४ मध्ये उतरवून देताना त्याला धाप लागते.

पण मला त्याच्याकडून चित्रपट हवेच होते कोठे? चित्रपट देणारे पुष्कळ आहेत. आमच्या घरी पत्र्याच्या डब्यात चौतीस कॅसेट पडून होत्या. फिलिप्सने १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात दाखवलेली ही चिमुकली ध्वनिफीत मुळात श्रुतलेखन घेण्यासारख्या किरकोळ कामाची. तिच्यावर अख्ख्या महाराष्ट्राने भजने, भाषणे, बारशी नोंदवली. (हीसुद्धा आपल्या घराण्यातलीच!) फितीवरचा चुंबकाचा थर काळाने झडतो, बुरशी चढते, आणि वाजवणारी यंत्रे बाजारातून जवळजवळ गेली. भाड्याच्या कोणत्याही सेवेत या कॅसेट मिळणार नाहीत, कारण त्यांची दुसरी प्रत या पृथ्वीवर नाही. एकच प्रत असण्यातला धोका पुण्याने चांगला पाहिलेला आहे. ८ जानेवारी २००३ रोजी फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातले गोदाम पेटले आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची जुन्या नायट्रेट फिल्मची हजारो रिळे जळून गेली. सरकारी संग्रहालयाची ही कथा, तर पत्र्याच्या डब्याचे काय?

म्हणून पुतण्याने आणि मी रविवारी एक-दोन अशा बेताने कॅसेट उतरवायला घेतल्या आहेत. नव्वद मिनिटांची कॅसेट उतरायला नव्वदच मिनिटे लागतात. त्यात घाई नाही. एक कॅसेट एमपी३ रीतीने शंभर मेगाबाइटांच्या आत बसते, म्हणजे आमचा सारा डबा त्या डिस्कच्या हजाराव्या भागातही भरणार नाही. उतरलेल्या प्रत्येक फितीची एक प्रत सांगलीला थोरल्या भावाकडे वेगळ्या डिस्कवर जाते.

सतरावी कॅसेट थोरल्या काकूंच्या जात्यावरच्या ओव्यांची निघाली. १९८६ साली भावानेच टेपरेकॉर्डर जात्याशेजारी ठेवून ती नोंदवली होती. जात्याची घरघर पुष्कळ आहे, मध्येच कुत्रे भुंकते, आणि भावाचा कोवळा आवाज येतो, “काकू, जरा मोठ्याने.” काकू थांबतात. मग म्हणतात की जाते ओढू की तुझ्या पेटीत ओरडू, आणि पुन्हा सुरू करतात. ती फीत मी भावाला फोनवर लावून दिली, तेव्हा तो सांगलीला होता आणि कन्या परदेशात. दोघांनी एकाच वेळी ऐकली. भाऊ म्हणाला, तिच्या दुसऱ्या बाजूवर आणखी ओव्या असल्या पाहिजेत. दुसरी बाजू येत्या रविवारी.